बोट पाच महिने बंद राहणार असेल तर बॅटऱ्यांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोट हिवाळ्याचे पाच महिने पाण्याबाहेर, आच्छादनाखाली राहणार आहे. इंजिन सुरू करायला पाणी घालावं लागणारी एक साधी बॅटरी आहे. दिवे, फ्रिज आणि उपकरणांसाठी शंभर-शंभर अँपिअर-तासांच्या दोन एजीएम बॅटऱ्या (याही लेड-ॲसिडच, पण सीलबंद, ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं) पॅरललमध्ये जोडल्या आहेत. पारा उणे १५ अंशांपर्यंत उतरतो. बॅटऱ्या काढून घरात न्याव्यात की बोटीतच ठेवाव्यात? चार्जर सतत लावून ठेवावा का? आणि पुढे लिथियम घेतली तर यात काय बदलेल?

घरात न्यायची घाई कशासाठी, ते आधी बघू. बहुतेकांना भीती गोठण्याची असते आणि ती अर्धीच खरी आहे. लेड-ॲसिड बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे जवळजवळ पाणी उरतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीतल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.२६५ ते १.२८० असते आणि असं ॲसिड उणे ५५ अंशांपर्यंत गोठत नाही. अर्ध्यावर आलेली बॅटरी साधारण उणे २५ पर्यंत तग धरते. १.१५० ला, म्हणजे चौथाईच्या आसपास, गोठणबिंदू उणे १५ वर येतो. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ ते उणे १० मध्येच गोठते. आत बर्फ झाला की प्लेटा वाकतात, मधले पडदे फाटतात आणि कधी डबाच तडकतो. म्हणजे तुमच्या उणे १५ मध्ये भरलेली बॅटरी खुशाल राहील, रिकामी मात्र फुटेल.

उलट, भरलेल्या बॅटरीला थंडी मानवते. बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत असते आणि तापमान दर १० अंशांनी घटलं की हा वेग साधारण निम्मा होतो. जुन्या पद्धतीच्या, अँटिमनी असलेल्या प्लेटांची पाणी भरायची बॅटरी खोलीच्या तापमानाला महिन्याला ५ टक्के किंवा त्याहून जास्त उतरते. जुनी झाली की आणखीच. एजीएम महिन्याला २-३ टक्के उतरते. शून्याच्या आसपासच्या गोदामात हे आकडे निम्म्याहूनही खाली येतात. म्हणून हीटरशेजारच्या उबदार कोपऱ्यापेक्षा कोरडी, थंड, हवेशीर शेड बरी. बॅटरी घरात आणायचं खरं कारण ऊब नाही, नजर आहे. घरात ती दिसते, मोजता येते आणि गरज पडली तर चार्जिंगला लावता येते. बोट जवळ असेल आणि तिथे महिना-दीड महिन्यानं चक्कर होणार असेल, तर २५-३० किलोचं एकेक ओझं शिडीवरून उतरवायची गरज नाही. बोट लांब असेल, तिथे वीज नसेल आणि तुमचं जाणं होणार नसेल, तर काढून आणा.

थंडीपेक्षा दोन गोष्टी जास्त बॅटऱ्या मारतात. पहिली सल्फेशन. उतरताना प्लेटांवर बसलेलं लेड सल्फेट सुरुवातीला मऊ आणि बारीक असतं, चार्ज केलं की परत विरघळतं. बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली की त्याचे स्फटिक मोठे आणि कडक होत जातात आणि मग कुठल्याच चार्जरला दाद देत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा गेला. बॅटरी ७५ टक्क्यांच्या खाली, म्हणजे साध्या बॅटरीत १२.४ व्होल्टच्या खाली राहिली की ही प्रक्रिया जोर धरते. वसंतात 'बॅटरी चार्ज होते पण टिकत नाही' अशी जी तक्रार येते तिचं मूळ बहुधा इथेच असतं. पल्स देणारी यंत्रं आणि आत टाकायच्या पावडरी यावर उपाय म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर भरवसा ठेवून हिवाळा काढू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे चोरून वीज पिणारी उपकरणं. मेन स्विच बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असं बोटीवर क्वचितच असतं. बिल्ज पंपाचा (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट स्विच, गॅसचा अलार्म, स्टिरिओची मेमरी, बॅटरी मॉनिटर, सोलर कंट्रोलर, चोरीचा अलार्म हे बहुतेकदा स्विचच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून घेतलेले असतात. हिशेब करून बघा. फक्त ५० मिलिअँपिअर सतत जात असेल तर २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे महिन्याला ३६ अँपिअर-तास. शंभराची बॅटरी तीन महिन्यांत रिकामी. २० मिलिअँपिअर किरकोळ वाटतात, पण पाच महिन्यांत तेही ७२ अँपिअर-तास खातात. आपोआप उतरणं याच्यापुढे काहीच नाही. म्हणून बॅटरी बोटीतच ठेवलीत तरी तारा सोडवा, नुसत्या स्विचवर विसंबू नका. बोट जमिनीवर आहे, तेव्हा तळाचा ड्रेन प्लग काढून ठेवला की बिल्ज पंपाचीही गरज राहत नाही. (बोट पाण्यातच राहणार असती तर पंपाला वीज लागलीच असती आणि सगळी मांडणी वेगळी करावी लागली असती. तिथे नियमित चार्जिंग आणि नियमित फेरी याला पर्याय नाही.)

आता काम. क्रम महत्त्वाचा आहे, कारण साफसफाई आधी आणि चार्जिंग शेवटी केलं तर पुन्हा सगळं ओलं होतं.

साध्या बॅटरीची बुचं उघडून पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण भरू नका, चार्ज होताना ॲसिड फुगतं आणि बुचांतून बाहेर येतं. चार्जिंग झाल्यावर मगच आतल्या नळीच्या खालच्या कडेपासून ३ ते ६ मिलिमीटर खाली येईल इतकं भरा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आणि क्लोरिन प्लेटांना बाधतात. ॲसिड तर कधीच घालायचं नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. डोळ्यांवर गॉगल आणि हातांत रबरी मोजे असू द्या. डोळ्यात थेंब गेलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि मग डॉक्टरकडे जा.

मग चार्जिंग. इथेच बहुतेक चुका होतात. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला दहा ते वीस अँपिअरचा चार्जर लागतो. एक अँपिअरचा छोटा मेंटेनर अर्धी उतरलेली बॅटरी भरायला दोन-अडीच दिवस घेतो आणि त्यातही शेवटचा टप्पा धड होत नाही. तो भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला आहे, भरायला नाही. साध्या बॅटरीला १४.४ ते १४.८ व्होल्ट, एजीएमला साधारण १४.४ ते १४.७, जेल (ॲसिड जेलीसारखं घट्ट केलेली बॅटरी) असेल तर १४.१-१४.२ च्या आसपास. जेलला जास्त व्होल्ट दिले की आत बुडबुडे तयार होतात आणि ती पोकळी पुन्हा कधी भरत नाही. नेमका आकडा बॅटरीच्या कागदावरचा घ्या. चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असेल तर साधी आणि एजीएम एकाच सेटिंगवर उरकू नका.

हे सगळे आकडे २५ अंश तापमानाचे आहेत. बॅटरी गार असते तेव्हा तिला जास्त व्होल्ट लागतात, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे २४ मिलिव्होल्ट. शून्य अंशाला हिशेब केला तर ०.६ व्होल्ट जास्त. १४.४ च्या जागी १५ हवेत. तापमानाचा सेन्सर नसलेला चार्जर गारठलेल्या बॅटरीला १४.४ च देतो, करंट लवकर कमी होतो, हिरवा दिवा लागतो आणि बॅटरी मात्र अर्धपोटी राहते. सेन्सर असेल तर तो बॅटरीच्या अंगावर किंवा निगेटिव्ह टर्मिनलवर चिकटलेला हवा. चार्जरच्या पोटातला सेन्सर केबिनमधलं तापमान मोजतो, बॅटरीचं नाही. सेन्सर नसेल तर बॅटरी १५-२० अंशांच्या खोलीत आणून पूर्ण एक दिवस ठेवा आणि मग चार्जिंगला लावा. एवढं शिसं तासाभरात ऊब धरत नाही.

भरली हे कशावरून ओळखायचं? हिरव्या दिव्यावरून नाही. व्होल्ट चढलेलेच आहेत आणि शंभराच्या बॅटरीत जाणारा करंट एक-दोन अँपिअरवर, एजीएममध्ये एक अँपिअरच्या खाली येऊन स्थिरावला, की भरली. साध्या बॅटरीत याहून पक्की खूण म्हणजे हायड्रोमीटर (ॲसिडची ग्रॅव्हिटी मोजायचं साधन). तासातासानं तीन वेळा घेतलेली ग्रॅव्हिटी सारखीच आली तर आता आणखी चढणार नाही. बॅटरी गार असेल तर वाचन फसवं असतं, २५ अंशांखाली दर ५ अंशांमागे साधारण ०.००३५ वजा करा. सहाही सेलची ग्रॅव्हिटी लिहून ठेवा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० नं मागे असेल तर त्याला समतोल चार्ज, म्हणजे १५.५ ते १६ व्होल्टवर दोन-तीन तास, देऊन बघता येतं. हे फक्त साध्या बॅटरीला, तारा सुटलेल्या असताना आणि पाण्यावर लक्ष ठेवून. एजीएम आणि जेल यांच्या वाटेला जाऊ नका, कंपनीनंच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. ०.०५० चा फरक चार्जिंगनंतरही हटला नाही तर तो सेल संपला आहे, आणि हे वसंतापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीला पेट घेतो. झाकलेल्या बोटीच्या बंद कप्प्यात हे होऊ देऊ नका, झाकण उघडा, हवा खेळू द्या. चिमटे लावताना-काढताना चार्जरची मेन वीज आधी बंद करायची. सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा डबा हाताला चटका देण्याइतका तापला तर लगेच थांबवा, बहुधा एखादा सेल शॉर्ट झालेला असतो. आणि गोठलेली बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नका. आधी पूर्ण वितळू द्या, डबा आणि कडा नीट तपासा. तडा असेल तर ती भंगारात, नसली तरी तिच्यावर फार आशा ठेवू नये.

चार्ज झाल्यावर तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून नाव लिहा. बोटीवर एका टर्मिनलवर चार-चार तारा असतात आणि पाच महिन्यांनी काहीही आठवत नाही. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. कारण सरळ आहे. पॉझिटिव्हवर पाना लावला असताना तो इंजिनाला टेकला तर निगेटिव्ह जोडलेली असल्यास थेट शॉर्ट होतो आणि पाना तिथेच वेल्ड होऊ शकतो. निगेटिव्ह आधी सुटलेली असेल तर काहीच होत नाही. जोडताना उलट, पॉझिटिव्ह आधी.

दोन्ही एजीएम एकमेकींपासूनही सोडवा. पॅरललमध्ये ठेवल्यात आणि एकीचा एक सेल खराब निघाला तर ती दुसरीलाही आपल्यासोबत खाली ओढते, आणि वसंतात दोष कोणाचा होता हेही कळत नाही. सुट्या ठेवल्या तर कमकुवत असेल ती आपोआप उघडी पडते. २४ व्होल्टसाठी सीरिजमध्ये जोडलेल्या असतील तर प्रत्येक वेगळी, १२ व्होल्टवर भरा. सीरिजमध्ये भरताना एक जास्त खाते, दुसरी उपाशी राहते.

झाकणावर ओलसर मळ असेल तर त्यातूनही वीज झिरपते. व्होल्टमीटरची एक तार निगेटिव्हवर आणि दुसरी झाकणाच्या मळकट भागावर टेकवा, काही व्होल्ट दिसले तर विश्वास बसेल. बुचं घट्ट बंद करून, कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशनं पुसा. फेस यायचा थांबला की साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करा. सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर आतलं ॲसिडच मारलं जाईल, तेवढं जपा. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी भुकटी वायर ब्रशनं काढा. पेट्रोलियम जेली जोडणी घट्ट केल्यावर वरून लावायची असते, दोन धातूंच्या मध्ये नाही. आत्ता तारा सुटलेल्या आहेत तेव्हा उघड्या टर्मिनलवर पातळ थर चालेल, वसंतात पुसून टाका. पॉझिटिव्हवर प्लास्टिकची टोपी घाला. सिमेंटच्या जमिनीवर बॅटरी उतरते ही समजूत कडक रबराच्या आणि लाकडी डब्यांच्या काळातली आहे. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला जमीन कसलीही असो, फरक पडत नाही.

आता चार्जर सतत लावावा का. माझं मत: तारा सुटलेल्या, पूर्ण भरलेल्या एजीएमला थंड शेडमध्ये पाच महिने काहीच लागत नाही, मध्ये एकदा भरून काढली की पुरे. साध्या बॅटरीला दीड-दोन महिन्यांनी एक रात्र चार्ज द्या. सतत लावायचाच असेल तर तीन टप्प्यांचा, भरल्यावर फ्लोटवर, म्हणजे बॅटरी नुसती भरलेली ठेवणाऱ्या कमी व्होल्टवर, येणारा चार्जर हवा: साधीला १३.२ ते १३.५ व्होल्ट, एजीएमला १३.५ ते १३.८. जुने, जाड ट्रान्सफॉर्मरचे ट्रिकल चार्जर थांबायचं नाव घेत नाहीत. महिनाभरात पाणी उडवतात आणि प्लेटा उघड्या पाडतात. चांगल्या फ्लोट चार्जरलाही साध्या बॅटरीतलं पाणी थोडं थोडं लागतंच, म्हणून महिन्याला बूच उघडणं सुटत नाही. शिवाय कोणी नसलेल्या बोटीत महिनोन्‌महिने मेन वीज चालू ठेवणं मला तरी पटत नाही. ट्रिपर पडला तर कोणाला कळणार? काही चार्जर मेन वीज गेल्यावर उलट बॅटरीतूनच थोडा करंट ओढतात, म्हणजे ज्यासाठी लावला त्याच्या नेमकं विरुद्ध. सोलर पॅनेलचा विचार असेल तर १०-२० वॉटचं, कंट्रोलरसह, पुरतं. पण ते आच्छादनाच्या वर आणि बर्फ घसरून जाईल इतकं उभं लावलं तरच. आच्छादनाखाली त्याचा उपयोग शून्य.

तपासणीला मल्टिमीटर पुरे, पण चार्जिंग संपल्यावर लगेच मोजू नका. वरवरचा चार्ज १३ च्या पुढे आकडा दाखवतो. बारा ते चोवीस तास तशीच ठेवा आणि मग मोजा. खरी भरलेली साधी बॅटरी १२.६ ते १२.७, एजीएम १२.८ ते १२.९. अर्ध्यावर साधी १२.२ च्या आसपास, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. दर सहा आठवड्यांनी मोजा आणि तारखेसह बॅटरीवरच चिकटपट्टीवर लिहा. साधी १२.५ किंवा एजीएम १२.६ च्या खाली आली की चार्जिंगला लावा. एका आकड्यापेक्षा घसरण जास्त बोलते. दोन सारख्या एजीएमपैकी एक दीड महिन्यात ०.०३ नं उतरली आणि दुसरी ०.२५ नं, तर दुसरीच्या आत गळती आहे, तिला पुन्हा जोडीत घालू नका. सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्याकडे बघून निश्चिंत होऊ नका, तो सहापैकी एकाच सेलची खबर देतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर हे बरंचसं उलटं होतं. तिला सल्फेशन नाही, त्यामुळे भरून ठेवायची गरज नाही. पूर्ण भरलेली राहिली तर उलट लवकर म्हातारी होते. ५० टक्क्यांच्या आसपास आणून तारा सोडवून ठेवा. व्होल्टवरून तिची पातळी नीट कळत नाही, मधल्या पट्ट्यात आकडा १३.१-१३.२ लाच चिकटून राहतो, म्हणून तारा सोडवण्याआधी शंट (येणारा-जाणारा करंट मोजणारा भाग) असलेल्या मॉनिटरवर बघा. आतलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) स्वतःसाठी थोडा करंट घेत राहतं, तेव्हा २०-३० टक्क्यांवर ठेवून पाच महिने विसरू नका, मधे एकदा बघा. ठेवायला उणे तापमान चालतं, किती ते कंपनीच्या कागदावर असतं. पण शून्याखाली चार्ज करायचं नाही. गारठलेल्या पेशीत लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातूचा थर म्हणून बसतं. क्षमता कायमची जाते आणि आत शॉर्टचा धोका उभा राहतो. चांगलं बीएमएस हे अडवतं, पण आच्छादनावरचं सोलर पॅनेल आणि स्वस्तातलं बीएमएस ही जोडी हिवाळ्यात नको.

वसंतात जोडण्याआधी पुन्हा एकदा पूर्ण भरा, रात्रभर ठेवा, मोजा. स्टार्टिंग बॅटरीची लोड टेस्ट करा: तिच्यावर लिहिलेल्या कोल्ड क्रँकिंग अँपिअरच्या (थंडीत इंजिन सुरू करताना ती देऊ शकते त्या करंटच्या) निम्मा करंट पंधरा सेकंद ओढायचा, वीसएक अंश तापमानाला व्होल्ट ९.६ च्या वर राहिले पाहिजेत. एजीएमसाठी ही टेस्ट फारसं सांगत नाही, कारण तिचं काम झटका द्यायचं नाही, तासन्‌तास पुरायचं आहे. तिच्यावर पाच अँपिअरचा भार लावा, घड्याळ लावा आणि १०.५ व्होल्टला थांबवा. नवी असताना शंभराची बॅटरी वीस तास टिकते. सोळा तास टिकली तर ८० टक्के, चालू द्या. दहा-बारा तासांवर आली असेल तर बदला. टेस्ट संपल्यावर त्याच दिवशी परत भरा. आणि जोडीतली एकच गेली असली तरी बदलताना दोन्ही बदला. नवीच्या शेजारी जुनी पॅरललमध्ये लावली की चार्जर जुनीच्या कलानं वागतो आणि वर्षभरात नवीही तिच्याच वयाची दिसू लागते.